पाण्याचा जोर

आमच्या काळ्या मातीचं एक आहे, ती देते भरपूर पण सोडत नाही. मानवत-पाथरीच्या बाजूला पाऊस लागून राहिला की शेतातून येणारा माणूस एकटा येत नाही, पायाला शेर-दोन शेर रान घेऊन येतो. ओली असली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. ट्रॅक्टरच्या टायरात वाळून बसलेली ही माती मी पहारीनं उकरलेली आहे. म्हणून ज्याला या मातीची ओळख नाही त्यानं घर-अंगण धुवायच्या यंत्रावर आम्हाला शहाणपण सांगू नये, असं माझं मत आहे. हे यंत्र विकणारा शहरातल्या मोटारीवरची धूळ डोळ्यापुढं ठेवून बोलतो, आणि आपल्याला धुवायचं असतं ते वेगळंच.

माझ्या लहानपणी अंगण धुवायची गोष्टच नव्हती. अंगण मातीचं. सकाळी झाडायचं, सडा टाकायचा, सणावाराला शेणानं सारवायचं. पाणी सांडलं तर जमीन पिऊन टाकायची. १९७२ च्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माय-बाप खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची आणि आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून दारातल्या झाडाला घालायचं. त्या दिवसांत कुणी अंगण पाण्यानं धू म्हणालं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

पुढं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं. ऊस आला, हातात दोन पैसे आले. मातीच्या अंगणावर शहाबादी फरशी बसली, गोठ्यात सिमेंटचा कोबा झाला, दारापुढं पेव्हर ब्लॉक आले. मातीचं अंगण पाणी प्यायचं, फरशी काही पीत नाही. फरशीबरोबर घरात शेवाळ आलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षांमागं श्रावणात माय तुळशीला पाणी घालायला गेली आणि न्हाणीजवळच्या हिरव्या फरशीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. वय नव्वदीला टेकलेलं. परभणीला नेऊन ऑपरेशन केलं, हाडाची वाटी बसवली. तीन महिने ती पलंगावर होती. तीन महिन्यांनी वॉकर धरून उभी राहिली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजींचा पाय आम्ही नीट केला, फरशी तुम्ही नीट करा. दुसऱ्यांदा पडल्या तर मला काही सांगता येणार नाही."

तेव्हापासून आमच्या कारभारणीनं ते काम अंगावर घेतलं. दर आठ दिवसांनी उकिडवं बसून तारेच्या ब्रशानं फरशी घासायची. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. ब्लिचिंग पावडर टाकून बघितली, शेवाळ मेलं, पण तिच्या हाताची सालं निघाली आणि कडेची तुळसही जळाली. एक दिवस ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "अहो, मायला धरायला वॉकर आहे, मला कोन धरनार?"

मग घरात यंत्राचा विषय निघाला. आमच्या थोरल्यानं त्याच रात्री मोबाइलमध्ये वीस यंत्रं दाखवली. पिवळी, निळी, हिरवी. प्रत्येकावर आकडा, शंभर बार, सव्वाशे बार, दीडशे बार. त्याचं म्हणणं, "आबा, दीडशेचंच घेऊ. कामून कमी घ्यायचं?"

बार म्हणजे काय हे विहिरीवाल्या माणसाला समजायला अवघड नाही. दहा मीटर उंच पाण्याचा खाली जेवढा दाब पडतो तो साधारण एक बार, आपल्या भाषेत एक किलो. स्लॅबवरच्या टाकीचं पाणी खालच्या नळाला पाव-अर्धा किलोनं येतं. शंभर बार म्हणजे एक हजार मीटर उंच पाण्याचा दाब. दीडशे बार म्हणजे दीड हजार मीटर. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. एवढ्या उंचीच्या पाण्याचा जोर नळीच्या तोंडाशी, सुईएवढ्या भोकातून बाहेर पडतो. मी थोरल्याला म्हणलं, "कळसूबाई आपल्या न्हाणीत आणायची का, ते आधी ठरव."

खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा जास्तीत जास्त दाबाचा असतो. रोजच्या कामात यंत्र त्याच्या बरंच खाली चालतं. म्हणून दोन आकडे विचारावेत, कमाल किती आणि चालताना किती. शेवाळ, शेण, चिखल यांना चालताना नव्वद-शंभर बार पुरतात. त्याच्या वरचा जोर फरशीच्या सांध्यातलं सिमेंट उकरायला लागतो.

पुतण्याचं सर्व्हिसिंग सेंटर रस्त्यावर आहे. त्याचा सल्ला वेगळा. "काका, नवीन कशाला? तुमच्याकडं फवारणीचा एचटीपी पंप आहे, त्यालाच गन लावा." सल्ला स्वस्तातला होता. त्या पंपाचा दाब तीस-चाळीस किलो, पण पाणी भरपूर, चिखल सुटतोही चांगला. तरी मी नको म्हणलं. ज्या टाकीत आणि नळीत आम्ही कापसावरची औषधं कालवतो, त्याच नळीनं गव्हाणी आणि नातवंडं रांगतात ती फरशी धुवायची नाही. नळी कितीही खळबळली तरी औषध रबरात मुरलेलं असतं. फवारणीचा पंप फवारणीलाच ठेवावा.

हे यंत्र मुळात आपल्याकडचं नाही. १९५० साली जर्मनीतल्या आल्फ्रेड कार्चर यांच्या कारखान्यानं गरम पाण्याचं, मोठ्या दाबाचं धुलाई यंत्र काढलं. युरोपातलं ते पहिलं. घरात वापरता येईल असं लहान, हलवता येणारं यंत्र त्याच कारखान्यानं १९८४ साली काढलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगंच मिशीला पीळ देऊन म्हणत असतो, पण यंत्र घेताना जर्मनी आणि परभणी यांच्यातला फरक ध्यानात ठेवावा लागतो. तिकडं नळाला कायम पाणी, पाण्याला जोर, विजेला कधी धक्का नाही. आपल्याकडं तिन्हींचा भरवसा नाही. म्हणून दाबाच्या आधी पाणी आणि वीज बघायची.

परभणीला मोंढ्यात गेलो तेव्हा मी कारभारणीला बरोबर घेतलं. थोरला म्हणाला, "आईचं तिथं काय काम?" मी म्हणलं, "धुणार कोण आहे?" दुकानदारानंही खुर्ची मला दिली आणि यंत्राची माहिती थोरल्याला सांगायला सुरुवात केली. वॅट, बार, वॉरंटी. ती उभी राहून ऐकत होती. त्याचं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "दादा, हे पानी किती पितंय?"

दुकानदार म्हणाला, "मावशी, पाइपापेक्षा कमीच."

"कमी म्हंजी किती?"

त्याला सांगता येईना. मी बादली मागितली. आदल्या दिवशी घरी बघून ठेवलं होतं, आमच्या पाइपानं पंधरा लिटरची बादली पस्तीस सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला सव्वीस लिटरच्या आसपास. दुकानाच्या मागं त्यानं यंत्र लावलं. तीच पंधरा लिटरची बादली भरायला दोन मिनिटं वीस सेकंद लागले. मिनिटाला साडेसहा लिटर. दोनशे लिटरच्या ड्रमवर पाइप आठ मिनिटंसुद्धा चालत नाही, हे यंत्र अर्धा तास चालतं. मोठ्या यंत्राला पाणी जास्त लागतं, हेही तिथंच कळलं.

हा हिशेब आमच्या भागात चैनीचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमचीही बोअर फुसफुसत होती. असल्या मुलखात अंगण धुवायला मिनिटाला सव्वीस लिटर सोडणाऱ्या माणसाला झोप कशी लागते, मला ठाऊक नाही.

तिचा दुसरा प्रश्न होता, "नळाला पानी नसलं तर?" याचं उत्तर फार महत्त्वाचं निघालं. काही यंत्रं नळाला जोडलेलीच चालतात, काही ड्रममधून स्वतः पाणी ओढून घेतात. आपल्याला दुसऱ्या जातीचं पाहिजे. आणि पाणी येतं त्या तोंडाला जाळी पाहिजेच, ती काढून धुता आली पाहिजे. आमच्या बोअरचं पाणी जड, क्षाराचं. नोझलच्या भोकात पांढरं साचतं, म्हणून सोबत बारीक तार मिळते का तेही बघावं. ड्रम संपला आणि यंत्र कोरडं चाललं तर आतलं रबर जळतं. विहिरीवरची मोटार जशी कोरडी चालवत नाहीत, तसंच हे.

मोटारीचे दोन प्रकार निघाले. एक कार्बन ब्रशची. हलकी, स्वस्त, आवाज मोठा, पंधरा-वीस मिनिटं चालवून थंड होऊ द्यावी लागते. दुसरी इंडक्शनची, आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या जातीची. जड, महाग, आवाज कमी, तासन्‌तास चालते. ज्याला रोज गाड्या धुवायच्यात त्यानं डोळे झाकून दुसरी घ्यावी. पण तिचं दुखणं आम्हाला माहीत आहे. व्होल्टेज पडलं की ती सुरू होताना नुसती हूं हूं करते आणि बंद केली नाही तर जळते. संध्याकाळी आमच्या गावात पंखा वाऱ्यासारखा नाही, वारकऱ्यासारखा चालतो, सावकाश. शिवाय ती अठरा-वीस किलोची मोटार पायरी चढवून उतरवणार कोण? आठवड्यातून अर्धा तास चालवायला ब्रशची मोटार पुरे. मात्र बदलायचे कार्बन परभणीत मिळतात का आणि दुरुस्ती कोण करतो, हे तिथंच विचारून घेतलं. ज्याचा सुटा भाग मोंढ्यात मिळत नाही ते यंत्र कितीही चांगलं असो, खेड्यात ते पहिल्या बिघाडाला माळ्यावर जातं.

गनचं बटण सोडलं की मोटार आपोआप बंद होते अशी सोय बऱ्याच यंत्रांत असते. ती असावीच. बाई गडबडीत गन ठेवून दूध उतू गेलं म्हणून आत पळते, तेव्हा यंत्र बाहेर ओरडत बसू नये.

तिचा तिसरा प्रश्न ऐकून दुकानदार गप्प झाला. "लेकरू मधी आलं तर?" मग त्यानं खरं ते सांगितलं. अगदी बारीक, सरळ धारेचं नोझल असतं, लाल रंगाचं, ते घरी वापरूच नये. त्याची धार जवळून कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत पाणी, घाण मांसापर्यंत जाते. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. पिवळं पंधरा अंशाचं, हिरवं पंचवीसचं, पांढरं चाळीसचं. अंश वाढले की धार पसरते, मऊ होते. आम्ही लाल नोझल तिथंच दुकानदाराला परत दिलं.

विजेचं घरी येऊन केलं. हे यंत्र दीड-पावणेदोन हजार वॅट ओढतं, म्हणून पंधरा अँपिअरचा वेगळा प्लग, जाड वायर, खणखणीत अर्थिंग आणि शॉक बसण्याआधी लाइट तोडणारी ट्रिप. टीव्हीच्या बारीक एक्स्टेन्शनवर हे चालवायचं नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून विजेचं यंत्र हातात धरायचं म्हणजे यमाला आवतण. गमबूट मी कारभारणीच्या पायाच्या मापाचे आणले. दुकानात बायकांच्या मापाचे गमबूट शोधायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

पहिल्या आठवड्यात घरात एक नवलच झालं. ज्या पोरांनी कधी खराटा हातात धरला नाही, ती गन धरायला रांगेत उभी राहिली. थोरला, धाकटा, पुतण्या. कारभारीण ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "चाळीस वर्सं मी घासलं तव्हा कुनी इचारलं नाही, कोनता खराटा आनू म्हनून. मोटार लागली की काम बाप्यांचं झालं, व्हय?" कुणी काही बोललं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या हाताखाली झाडलोटीला देव येत होता, हे आम्ही दर कीर्तनात मान डोलावून ऐकतो. देव आला ते खरंच. पण घरातलं कुणी आलं होतं का, हे कीर्तनात कुणी विचारत नाही. मला ते त्या दिवशी सुचलं. तेव्हापासून अंगण धुवायचं काम पोरांच्या वाट्याचं, पाळी लावून. यंत्र नवं असतानाच हे ठरवून घेतलं. जुनं झाल्यावर कुणी ऐकलं नसतं.

आता कुठं मारायचं आणि कुठं नाही. गोठ्यात आधी फावडं आणि खराटा, यंत्र नंतर. शेण पाण्याबरोबर गटारीत घालवणारा शेतकरी खतावर पैसे खर्च करायलाच जन्मलेला. गाडगेबाबांचा खराटा अजून रिटायर झालेला नाही. वाळलेल्या काळ्या मातीवर एकदम जोर करू नये. आधी साधं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्यावं, मग हिरव्या नोझलनं वरून खाली घ्यावं. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या पात्या जोरानं वाकतात, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं, तिथं लांबूनच. सौर पंपाच्या पाट्यांवर हे यंत्र अजिबात नको. काचेला दिसणार नाही अशी इजा होते. त्यांना सकाळी गार असताना मऊ फडकं आणि साधं पाणी.

बैलाला तर नकोच नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी धाकट्यानं सर्जाकडं गन वळवली होती, मी ती हातातून घेतली. खांदमळणीला ज्या खांद्यावर आपण तूप-हळद चोळतो, त्या खांद्यावर शंभर बार मारायचे? जनावराला हातानंच धुवावं. हाताला गोचीड लागतो, गाठ लागते, खांदा सुजलाय का ते कळतं. यंत्राला काही कळत नाही.

गावात यंत्राची बातमी पसरली, तशी पोरं आली. मारुतीचं देऊळ श्रावणाआधी धुवायचं म्हणून. देऊळ जुन्या दगडाचं, सांधे चुन्याचे. मी सभामंडपाची नवी फरशी धुवायला यंत्र दिलं, गाभाऱ्याला आणि भिंतीला दिलं नाही. चुना एकदा निघाला की सांध्यात पाणी शिरतं, मग पिंपळाचं मूळ शिरतं. सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव आहे. गावकऱ्यांनी तिचा गाळ काढून ती मोकळी केली, तेव्हा तिचं रूप लोकांना दिसलं. असल्या कामाला टिकाव-घमेलं आणि मऊ ब्रश लागतो, धीर लागतो. आमच्या जुन्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीलाही मी तोच नियम लावतो. मातीला पाण्याचा जोर दाखवू नये.

आणि धुतलेलं पाणी जातं कुठं, ते बघावं. आम्ही फरशीला उतार देऊन ते कढीपत्ता आणि केळीकडं वळवलं, उरलेलं शोषखड्ड्यात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावानं घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारं बंद केली, ते आम्ही ऐकून होतो. शिवाय न्हाणीचा गळका नळ बदलला. शेवाळ पाण्यावर जगतं, ते पाणीच तोडलं तर निम्मं काम यंत्राविना होतं. हे कुठलाही दुकानदार सांगत नाही, कारण वायसर दहा रुपयाला मिळतो.

पावसाळ्यात आम्ही दर शनिवारी धुतो, थंडीत महिन्यातून एकदा. माय वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते, पण अजूनही पाऊल टाकायच्या आधी वॉकरनं फरशी दोनदा टोकून बघते. तिला यंत्रावर भरवसा नाही, आणि तिचं ते बरोबर आहे. मार्च लागला की यंत्रातलं पाणी काढून, नळी गुंडाळून ते पोत्यात बांधून ठेवतो. उन्हाळ्यातलं पाणी माणसांचं आणि जनावरांचं. मृगाचे दोन पाऊस झाले, बोअरला जीव आला, की मग पोतं सोडायचं.